डाव्या हाताची बिडी

गयामावशी डावरी होती. दुपारी आमच्या वस्तीतल्या बायका कडुनिंबाखाली मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायला बसत, तेव्हा तिला ओळखायला चेहरा पाहावा लागत नसे. साऱ्यांची बोटे एका बाजूला फिरत, तिची उलट बाजूला. तिच्या बिडीचा पीळ उलटा यायचा आणि वर ढिलाही. ठेकेदाराचा मुनीम तिच्या निम्म्या बिड्या छाटीत, म्हणजे नापास मालात, टाकी. मावशी त्या शांतपणे वेचून पदरात बांधी आणि म्हणे, "पेटते ना? मंग झालं."

ती माझी सख्खी मावशी नव्हती. तिचे घर आमच्या भिंतीला भिंत लावून होते, एवढेच. माझी आई कौसल्या मात्र वस्तीत सगळ्यांत घट्ट बिडी वळायची. दुसरीची बिडी ती दोन बोटांत दाबून पाही आणि नुसते "ढिली" म्हणून परत देई. गयामावशीला तर ती उलट्या हाताचीच म्हणायची. मावशी सूप झटकत उत्तर देई, "आधी तुहा नवरा सुलटा हाय का, ते पाय."

मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरात सातवीच्या पुढे कोणी गेले नव्हते. सहामाहीत इंग्रजीत जेमतेम सुटले, म्हणून मी तोंड लपवून बसले होते. मावशीने एवढेच विचारले, "पास झाली ना? मंग झालं."

त्या हिवाळ्यात बिड्यांची टोपली घेऊन ठेकेदाराकडे जाताना आईला स्कूटरची धडक बसली. डोके नालीच्या दगडावर आपटले. डोक्याचे ऑपरेशन झाले, पण अकरा दिवस तिने डोळे उघडले नाहीत. बाबा गिरणीची पहिली पाळी करून दवाखान्यात येत, मी कॉलेज सुटल्यावर जाई, आणि सकाळपासून तोवर मावशी बसे. आम्ही खाटेजवळ हळू आवाजात बोलायचो. मावशी मात्र नळावर कोण कोणाशी भांडले, मुनीम काय म्हणाला, हे सारे आईला कडुनिंबाखाली सांगायची तसेच सांगे. तिला ऐकू येत नाही, असे बाबा एकदा म्हणाले. मावशी म्हणाली, "श्वास चालू हाय ना, भाऊ? मंग झालं. ऐकून राहिली ते."

बाराव्या दिवशी आईने डोळे उघडले. पण शब्द फुटेना, आणि उजवा हात-पाय हलेना. उजव्या हाताची बोटे रोज उघडमीट करा, असे डॉक्टरांनी सांगितले होते. आम्ही ते करतच होतो. मग मला वाटले, तिची कला तर याच हातात आहे. म्हणून मी बिडीचे पान नेऊन त्या बोटांत धरवले. ते घसरून चादरीवर पडले. मी पुन्हा धरवले, पुन्हा पडले. आईने डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवसापासून मी जवळ गेले की ती तोंड भिंतीकडे फिरवू लागली, आणि वरणाच्या पाण्याचा चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटू लागली. ती चालेल की नाही, याची मला तेवढी भीती नव्हती. "ढिली" म्हणणारी बाई परत येते की नाही, याची होती.

कॉलेज सोडून मीच आईच्या जागी सुपापुढे बसते, असे मी बाबांना म्हटले. ते मावशीने ऐकले.

"काहून वं? तुही बिडी तं माह्यापेक्षा ढिली राहते," ती म्हणाली. मग तिने स्टूल उचलून खाटेच्या दुसऱ्या बाजूला ठेवले. "सारे त्या एका हाताच्या मागं लागले. हा दुसरा काय दाखवाले ठेवला हाय?"

दुसऱ्या दिवशी तिने ओल्या फडक्यात पाने आणली. तंबाखूऐवजी गव्हाचा कोंडा होता. सिस्टर रागावल्या, तेव्हा मावशीने मूठ उघडून कोंडा दाखवला आणि त्यांच्याकडूनच बसायची परवानगी काढली. आईच्या डाव्या अंगाला बसून ती आपल्या डाव्या हाताने सावकाश वळू लागली. आईला कर म्हणाली नाही. फक्त एक पान तिच्या डाव्या हाताशी ठेवले.

पाच-सहा दिवस आई नुसती बघत होती. एका दुपारी मी पोचले, तेव्हा मावशीने नुकतीच एक बिडी बांधून चादरीवर ठेवली होती. आईचा डावा हात सरकला. तिने ती बिडी उचलली, दोन बोटांत दाबली. ओठ बराच वेळ नुसते हलले. मग ती म्हणाली,

"ढिली."

मला रडू आले. मावशीला राग आला. "मोठी आली. तू करून दाखव मंग," ती म्हणाली आणि पान आईच्या हातात कोंबले. आईने त्या दिवशी तीन पाने फाडली. संध्याकाळी ती वाटीभर वरणाचे पाणी प्याली.

मावशीने ती बिडी मुद्दाम ढिली केली होती, असे मी बरेच महिने समजत होते. शेवटी एकदा विचारलेच. ती म्हणाली, "जाणून काहून करीन वं? माही बिडी ढिलीच राहते."

आईचा उजवा हात पुरता सुधारला नाही. पण उन्हाळ्यात ती पुन्हा कडुनिंबाखाली बसली. आता दोघींची बोटे उलट बाजूला फिरायची. आईचा पीळ उलटा होता, पण घट्ट. मुनीम दोन-चार बिड्या दाबून पाही आणि मुकाट्याने घेई. मी कॉलेज सोडले नाही.

गयामावशी गेली तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होते. बुद्धवंदना झाल्यावर सारे एकेक करून तिच्या पायाशी फूल ठेवत होते. आईने डाव्या हाताने फूल पुढे केले, तेव्हा मावशीच्या माहेरचे एक म्हातारे हळूच म्हणाले, "उजव्या हातानं वाहा, बाई."

आईचे बोलणे अजून अडखळत यायचे. ती थांबली. शब्द जुळवले.

"याच हातानं वाहतो, मामा," ती म्हणाली. "हा तिनंच देला मले."