दातात धरलेली काठी

आमच्या आबांना कमी ऐकू येतं हे वडिवळ्यात सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त आबांना मान्य नाही. धरणाचं पाणी गावाच्या शेतात चढवणारा पंप त्यांनी एकतीस वर्षं चालवला आणि त्या पंपानंच हळूहळू त्यांचे कान नेले. बाबांनी कानाचं मशीन आणून दिलं, ते बडीशेपेच्या डब्यात पडून आहे. "त्यात समदं पत्र्यावर खडं पडल्यावानी वाजतं," असं त्यांचं म्हणणं. चार वर्षांपूर्वी पंप आपोआप चालू-बंद करणारी पेटी बसली आणि आबांकडची किल्ली गेली. तरी ते रोज सकाळी पंपघराच्या पायरीवर जाऊन बसतात. खाचरांवर धुकं असतं, धरणाचं पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नाही, आणि आबा भिंतीला तळवा लावून डोळे मिटून बसलेले असतात. म्हातारा डुलकी काढतोय असं बघणाऱ्याला वाटतं. मलाही तसंच वाटायचं.

मी त्यांची नात, कोमल. माझ्या नाकावर राग असतो असं आजी म्हणते, आणि आजी खोटं बोलत नाही. मी घरात बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. लोणावळ्यात जे बंगले अजून बांधायचे आहेत, त्यांची खरी वाटतील अशी चित्रं बनवते. एकेका चित्रासाठी कॉम्प्युटर पाच-सहा तास नुसता तापत असतो. इंटरनेटची तार आणि इन्व्हर्टर बाहेरच्या खोलीत, आणि त्याच खोलीत आजीची लाकडी खाट. मागच्या खोलीत भाताची पोती आणि उंदीर.

आजीला, म्हणजे नंदाबाईंना, अर्धशिशी आहे. कॉम्प्युटरच्या पंख्यांनी तिचं डोकं उठायचं, म्हणून मी हौसेनं पाण्याचं कूलिंग बसवलं. मोटारगाडीत असतं तसंच ते. छोटा पंप पाणी फिरवतो, पाणी आतल्या चिपची धग उचलतं, जाळीत जाऊन निवतं आणि परत येतं. पंखे मंद झाले. पंखे मंद झाले तसा पंप ऐकू यायला लागला. बारीक, न थांबणारी घुंई. आजी पदर कपाळाला आवळून भिंतीकडे तोंड करून पडायला लागली. ती बोलली असती तर मला कमी लागलं असतं.

शेवटी मी पुण्यात मैत्रिणीच्या खोलीत एक खाट ठरवली, एक तारखेपासून. आजीला दुपारची झोप मिळेल, माझं काम होईल. आजी "बरं" म्हणाली. आबांना मी तीनदा ओरडून सांगितलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "पयल्या येळंलाच ऐकलं हुतं गं. काय बोलावं ते सुचंना."

दुसऱ्या दिवशी ते कॉम्प्युटरसमोर स्टूल टाकून बसले. त्याच्या डब्याच्या काचेतून नळ्या दिसत होत्या, नळ्यांतलं पाणी दिसत होतं.

"हा तर पंप हाय," ते म्हणाले. "पानी कुटलं घातलंस?"

"डिस्टिल्ड. बॅटरीत घालतात ते."

"मेलेलं पानी त्ये. म्हनून कुरकुरतोय."

आमच्या शेताच्या वरच्या अंगाला एक झरा आहे. घरात बाळ आलं की पहिलं पाणी त्या झऱ्याचं, नव्या तांदळाचा पहिला भात त्या झऱ्याच्या पाण्यात, आजारी माणसाला घोट त्याच पाण्याचा. संध्याकाळी आबा कळशी भरून घेऊन आले. असलं पाणी यात चालत नाही हे मला चांगलं ठाऊक होतं. पण झऱ्याच्या पाण्याला नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही, आणि मी तशीही चालले होते. फडक्यातून गाळून आम्ही ते भरलं. दोन दिवस नळ्या अशा स्वच्छ दिसत होत्या की मीच मनात आबांची माफी मागितली.

आठव्या दिवशी नळ्या हिरव्या झाल्या. शेवाळ धरलं, पाणी तुंबलं, पंप ओरडायला लागला आणि अर्धं चित्र टाकून कॉम्प्युटर बंद पडला. आजी डोकं धरून मागच्या खोलीत पोत्यांवर जाऊन बसली. माझा तोल गेला.

"आबा, तुम्हाला आवाज ऐकूच येत नाही, तर तो दुरुस्त काय करणार तुम्ही?"

हे मात्र त्यांना नीट ऐकू आलं. चपला घालून ते बाहेर पडले. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, पण मागे पळत जाऊन माफी मागायला जे लागतं ते माझ्यात नाही. मी ब्रश घेतला आणि शेवाळ घासत बसले. नळ्या नव्या घातल्या, मेलेलं पाणी भरलं, पंप लावला. पुन्हा तीच घुंई.

आबा परत आले तेव्हा त्यांच्या हातात हातभर लांबीची काठी होती, हाताळून काळी झालेली. पंपघराच्या आढ्यात खोचून ठेवलेली असायची म्हणे. तिचं एक टोक त्यांनी कॉम्प्युटरमधल्या पंपावर टेकवलं, दुसरं दातात धरलं आणि डोळे मिटले. मग जाळीवर टेकवलं. मग डब्याच्या पत्र्यावर.

"पंप चांगला हाय," ते म्हणाले. "पत्र्याला आवळलाय, म्हनून पत्रा वाजतोय. आन हितं वरती वारा अडकलाय. बग."

मी काठी दातात धरली. आवाज कानात आलाच नाही, थेट डोक्याच्या आत उमटला. पंपाची सरळ गुणगुण, पत्र्याची थरथर आणि मधूनच बुडबुड्यांचा खुळखुळ, सगळं वेगवेगळं. मला पंपघराची पायरी आठवली, भिंतीला लावलेला तळवा आठवला. म्हातारा तिथं डुलक्या काढत नव्हता.

"कान गेलं तवापासनं असंच ऐकतोय," आबा म्हणाले. 

मग दोन दिवस त्यांनी मला राबवलं. डब्यातली पाणी भरायची बाटली तळाशी होती, ती सगळ्यांत वर नेली, कारण वारा वरच जाणार आणि तिथं त्याला बाहेर पडायला वाट हवी. डबा बाळाला झुलवावं तसा आम्ही या कुशीवरून त्या कुशीवर कलवत राहिलो. जाळीतून बुडबुडे निघून बाटलीत फुटत होते. पंपाचे स्क्रू काढले आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांवर तो अधांतरी टांगला. वारा निघाल्यावर पंपाचा वेगही निम्म्यावर आणता आला.

रविवारी दुपारी मी सगळ्यांत जड चित्र बनवायला लावलं. उद्या एक तारीख होती, पिशवी दाराशी भरून ठेवलेली. बाहेर पोटरीला आलेल्या इंद्रायणी भाताचा वास सुटला होता, ऊन ढगामागे जात होतं, येत होतं. कॉम्प्युटर तापत होता, नळ्यांतून पाणी चाललं होतं आणि खोलीत काहीही ऐकू येत नव्हतं. बऱ्याच वेळानं आजीनं कूस बदलली, तोंड आमच्याकडे केलं. कपाळाचा पदर सुटला होता. तिला झोप लागली.

आबांनी हातानंच विचारलं, झालं का? मी मान डोलावली. त्यांचा काही माझ्यावर विश्वास बसला नाही. काठी घेऊन त्यांनी पंप ऐकला, पत्रा ऐकला. मग उठून अलगद आजीच्या खाटेपाशी गेले, खाली बसले आणि काठी खाटेच्या खुरावर टेकवून दातात धरली. 

शेवटी त्यांनी काठी काढली. डोळे पुसायचे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"घोरती," ते म्हणाले. "लगीन झाल्यापासनं घोरती. धा वर्सं झाली, मला वाटायचं म्हातारी घोरायची थांबली."

मी फोन घेऊन अंगणात गेले. खाट नको म्हणून मैत्रिणीला सांगायचं होतं, आणि आत आवाज करायचा नव्हता.