पेटीच्या तळाचा डबा

क्रिसमसच्या दुपारी आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरी, भर पाहुण्यांत, माझीच चोरी पकडली गेली... सांगते, पण हसायचं नाही.

आमची सून अनिमा जशपूरकडची, चर्चमध्ये जाणारी. माझ्या विजूनं नऊ वर्षांपूर्वी तिच्याशी लग्न केलं तेव्हा मी रुसून घरी बसले होते, चर्चच्या दारातसुद्धा गेले नाही. पुढं माझा राग गेला... पण तिच्या आईला ते लागलं ते लागलंच. नात झाली तेव्हा बाई दवाखान्यात येऊन पाहून गेली, घरी काही पाय टाकला नाही.

यंदा म्हणाली, क्रिसमसला येते. आणि नेमका यंदाच विजूचा भनपुरीच्या कारखान्यातला पगार दोन महिन्यांपासून अडकलेला.

अनिमा भाजी निवडता निवडता म्हणाली, "मम्मी, माँ को बोल देती हूँ हम लोग बाहर जा रहे हैं. ऐसी हालत में किसको बुलाएँ?" डोळे भाजीतच.

"बाहेर कुठी जाता वं? भनपुरीले?" मी म्हटलं. "नऊ वर्षांनी तुही माय येऊन राहिली, अन् तू दाराले कुलूप लावून राहिली?"

"सबको गिफ्ट देना पड़ता है न मम्मी..."

"ते माह्यावर सोड."

माझ्याकडं एक लोखंडी पेटी आहे. तीस वर्षं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जाऊन जे वाण मिळालं ते सगळं तिच्यात. गाळण्या, वाट्या, कंगवे, रुमाल, साबणदाण्या... आता मला सांगा, घरात चहा एक, अकरा गाळण्यांचं मी काय करू? वाण म्हणजे काय, सणाला दुसऱ्याच्या हातावर ठेवलेली वस्तूच ना. मग संक्रांत असो की क्रिसमस.

जुन्या साड्यांचे धड राहिलेले पदर कापले, मशीनवर पोटल्या शिवल्या. रिया माझी नात, सात वर्षांची, तिला नावांच्या चिठ्ठ्या लिहायला बसवलं. विजूनं कामट्या आणून कागदाचा तारा केला, एक टोक वाकडं... पण लटकला.

समधनबाईला, म्हणजे अनिमाच्या आईला, मात्र गाळणी कशी द्यायची? पहिल्यांदा येणारी बाई. पेटी उपसली तर तळाशी पेपरात गुंडाळलेला स्टीलचा डबा निघाला, कोरा करकरीत. म्हटलं, असेल कुणी दिलेला. चष्मा नेहमीसारखा हरवलेला होता... तसाच पोटलीत घातला.

चर्चमधून सगळे आमच्याकडं आले. समधी, समधनबाई, अनिमाचा भाऊ. अनिमानं तांदूळ-गुळाचे अरसे तळले होते. कोंबडी एक अन् माणसं सात, म्हणून मी रश्श्यात बटाटे ढकलले. समधनबाई खुर्चीच्या अगदी टोकावर बसलेली, जशी काही बस सुटून राहिली. अनिमा स्वयंपाकघरातून दर दोन मिनिटांनी आईचं तोंड पाहून जायची... पोरीचा जीव टांगणीला लागलेला.

पोटल्या वाटल्या. अनिमाच्या भावाच्या पोटलीतून कंगवा निघाला. आता त्याच्या डोक्यावर एक केस नाही, हे मी काही ध्यानात ठेवलं नव्हतं.

"दीदी, ये मेरे किस काम का?"

"रख लो मामा," रिया म्हणाली. "आजी ने दिया है, बाल आ जाएँगे."

समधीपण हसले. समधनबाई नाही.

तिनं आपली पोटली सोडली. डबा उलटा केला, बुडावर बोट फिरवलं आणि थांबली.

"समधन जी... इसमें तो अनिमा लिखा है."

अन् मग आठवलं... आमच्यात भांड्यावर नाव घालतात. लग्नाच्या आधी मी सदर बाजारात जाऊन नव्या सुनेसाठी तो डबा घेतला होता, दुकानदाराकडून मशीननं तिचं नाव घालून आणला होता. घरी आले तर चर्चमधल्या लग्नावरून विजूशी भांडण. डबा गेला पेटीच्या तळाशी. राग गेला तरी डबा तिथंच राहिला... खरंच विसरले होते हो.

"और नीचे शादी वाला साल लिखा है," समधनबाई हळूच म्हणाली. अनिमा दारात, हातात झारा तसाच.

"मैं तो समझती थी, आपने इसको बहू माना ही नहीं."

"मानलं होतं बाई," मी म्हटलं. "सांगायचं राहून गेलं."

समधनबाईनं उठून डबा लेकीच्या हातात दिला. मग पदरानं डोळे पुसले, खुर्चीत मागं टेकून नीट बसली आणि म्हणाली, "ये तो इसका हुआ. मेरा गिफ्ट कहाँ है?"

पेटीच ओढून तिच्यापुढं ठेवली. बाईनं निवडून निवडून दोन गाळण्या अन् एक साबणदाणी घेतली. रस्सा दोनदा मागून खाल्ला, बटाट्यांसकट.

पगार अजून अडकलेलाच आहे. अरशांनी भरलेला डबा माझ्या भांड्यांच्या फळीवर आहे. बाकी सगळ्यांवर माझं नाव, एकावर तिचं.

सदर बाजारच्या त्या नाव घालणाऱ्याचे मात्र उपकार मानते. नऊ वर्षं जे माझ्या तोंडून निघालं नाही, ते त्यानं तेव्हाच कोरून ठेवलं होतं...