आमच्या सासऱ्यांचा श्रवणाभ्यास

बाकीची माणसं जन्मल्या दिवसापासून ऐकायला लागतात. आमच्या सासऱ्यांनी ऐकायला सुरुवात केली ती निवृत्त झाल्यावर. तोवर त्यांचे कान चष्म्याच्या काड्या अडकवण्यापुरते होते. याला थोडी त्यांची नोकरीही जबाबदार होती. बसस्थानकावर ते वाहतूक नियंत्रक होते आणि त्यांचं उभं आयुष्य काचेच्या खोलीत बसून ध्वनिक्षेपकावरून गाड्या पुकारण्यात गेलं. या कामात एक मोठं सुख असतं. आपण बोलतो ते पाचशे माणसं ऐकतात आणि त्यांतल्या एकालाही उलट बोलता येत नाही. हे सुख ते रोज संध्याकाळी घरी घेऊन यायचे. एरवी त्यांची भाषा अस्सल मालवणी, पण एखादी गोष्ट जाहीर करायची झाली की ते शुद्ध मराठीत शिरत आणि सगळं दोनदा सांगत. "जेवण वाढलेलं आहे, जेवण वाढलेलं आहे. मंडळींनी कृपया नोंद घ्यावी." मंडळी म्हणजे सासूबाई आणि दोन मुली. त्या आधीच पाटावर बसलेल्या असत, आणि जेवण वाढलेलं असे तेही सासूबाईंनीच.

मी त्यांच्या थोरल्या मुलीला बघायला गेलो तो प्रसंग आमच्या घरात अजून सांगितला जातो. मी कुडाळच्या एका वाचनालयात काम करतो, आणि माझ्या कामात बोलणाऱ्याला गप्प करायचं असतं. त्या दिवशी पोहे येऊन, खाऊन, बशा परत जाईपर्यंत सासरे एकटे बोलत होते. विषय पुष्कळ होते. खारेपाटणच्या वळणावर बंद पडलेली गाडी, इन्सुलीच्या नाक्यावर लागणाऱ्या रांगा, आणि एकदा तर बांद्याच्या गाडीत चुकून चढलेली एक म्हैस. मी तेवढ्या वेळात "हो", "अच्छा" आणि "पाणी मिळेल का" इतकंच बोललो. आम्ही निघाल्यावर ते सासूबाईंना म्हणाले, "झील बरो आसा. बोलको आसा." आमचं लग्न त्या एका गैरसमजावर झालं आणि तो दूर करण्याची संधी त्यांनी मला पुढे कधीच दिली नाही.

त्यांची धाकटी मुलगी अक्षता मात्र त्यांच्यासारखीच तोंडाळ आणि हट्टी. तिने खाडीकाठच्या खाजणातल्या कुर्ल्यांचा, म्हणजे खेकड्यांचा, अभ्यास करायचं ठरवलं आणि त्यासाठी तिला परदेशातल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. सासऱ्यांना हे शेवटपर्यंत पटलं नाही. "घराच्या मागच्या दारी कुर्ल्यो आसत आणि ही कुर्ल्यो शिकूक विमानान जाता," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. जाण्याआधी तिथल्या प्राध्यापकांची व्याख्यानं कळावीत म्हणून ती ऐकण्याचा सराव करायची. मोबाइलवर इंग्रजी व्याख्यानं होती, आणि शेजारच्या ब्रिजीत टीचर रोज संध्याकाळी येऊन तिला शिकवत. त्यांनी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं होतं, निवृत्त झाल्यावरही घरी शिकवण्या घेत असत, आणि त्यांच्या हातात कायम एक बंद छत्री असे. ती पावसासाठी नव्हती.

त्या सरावाला सासरे पडवीत हजर असत. मोबाइलमधला प्राध्यापक "गुड मॉर्निंग" म्हणाला की हे "गुड मॉर्निंग, बसा" म्हणत. प्राध्यापक श्वास घ्यायला थांबला की हे म्हशीची गोष्ट सुरू करत. एकदा ज्वालामुखीवरचं व्याख्यान रंगात आलेलं असताना त्यांनी मोबाइलजवळ तोंड नेऊन "जरा मोठ्यान बोला" असं त्या माणसालाच बजावलं. अक्षताने कानातल्या वायरी काढल्या आणि म्हणाली, "बाबा, जगातला कोणताय इंग्लिश माका समाजात. तुमी आयकूक कधी शिकतलास, ता समाजणा नाय." ती चिडून बोलली नव्हती. दमलेल्या माणसाच्या आवाजात बोलली होती, आणि सासऱ्यांनी अर्थातच ते ऐकलं नाही.

ती गेली. फोन येऊ लागले आणि हळूहळू तोकडे होऊ लागले. ती "बाबा, आज ना" म्हणायची आणि पुढची सगळी वाक्यं सासऱ्यांची असायची. कोणाचा माड पडला, कोणाच्या होडीचं इंजीन बिघडलं. शेवटी ती म्हणायची, "बरा बाबा, ठेवतंय." मग ती माझ्या बायकोला वेगळा फोन करायची आणि जे सांगायचं ते तिला सांगायची. अशाच एका फोनवर तिने सांगितलं की तिला विद्यापीठात पहिल्यांदा व्याख्यान द्यायचंय, आपल्याच कामावर, सगळ्या विभागासमोर, आणि ते घरबसल्या संगणकावर बघता येईल. "पण बाबांका सांगू नको. ते मदीच बोलतले." आम्ही तेव्हा मालवणला सासुरवाडीलाच होतो, फोन स्पीकरवर होता, आणि सासरे दाराआड उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाचं तरी बोलणं शेवटपर्यंत ऐकलं होतं.

ते काही बोलले नाहीत, म्हणून सासूबाईंनी त्यांचं अंग तापलंय का ते पाहिलं. संध्याकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून कुंपणापलीकडे गेले आणि म्हणाले, "टीचर, माका आयकूक शिकवा. इंग्लिश लेक्चर. तोंड न उघडता."

ब्रिजीत टीचरनी छत्री खुर्चीला टेकवली. "इंग्लिश शिकवीन," त्या म्हणाल्या. "तोंडाचा माज्या हातात नाय."

त्यांनी नियम घातला, की विद्यार्थी मध्ये बोलला तर व्याख्यान पहिल्यापासून लावायचं. मधमाश्यांवरचं पहिलं छोटंसं व्याख्यान त्यामुळे गणपतीला सुरू झालं आणि दसऱ्याला संपलं. मधमाशी फुलावर बसायच्या आत सासऱ्यांना काहीतरी आठवायचं. तोपर्यंत आत नारळ खवणाऱ्या सासूबाईंना ते व्याख्यान पाठ झालं होतं. "आता गप ऱ्हवा," त्या आतून ओरडत. "हाऊएव्हर इला. आता ह्यो शब्द फिरवतलो." आणि तो माणूस खरोखरच शब्द फिरवायचा. टीचर सासऱ्यांना म्हणाल्या, "बघा. बायलेन तुमच्याकडे इतकी वर्सां काडली, तिका सगळा आयकूक येता."

टीचरची पद्धत अशी, की ऐकण्याआधी विषयाचा अंदाज बांधायचा, ऐकताना प्रत्येक शब्दामागे न धावता मुख्य मुद्दा पकडायचा, आणि ऐकल्यावर तो आपल्या शब्दांत सांगायचा. सासऱ्यांनी ही पद्धत इंग्रजीपुरती ठेवली नाही. शेजारचा माणूस फाटकातून आत येताना दिसला की ते म्हणत, "अंदाज. विषय, नारळ. उपविषय, माझो माड तुझ्या हद्दीत वाकलो." तो आल्या पावली परत जायचा. ग्रामसभेत ते पहिल्या रांगेत कानामागे हात धरून बसू लागले. वाचनालयाच्या कार्यक्रमाला मीच एका पाहुण्यांना बोलावलं होतं. त्यांचं तासाभराचं भाषण सासऱ्यांनी निश्चल बसून ऐकलं, मला अभिमान वाटू लागला, आणि आभारप्रदर्शनाच्या आधी ते उठून शुद्ध मराठीत म्हणाले, "मुख्य मुद्दा सापडलेला नाही. कृपया पुन्हा सांगावा." पाहुण्यांनी शोधून पाहिला. त्यांनाही सापडला नाही.

पण गप्प बसणं काही जमेना. जीभ नुसती ठेवायची तरी कुठे, हा त्यांचा खरा प्रश्न होता. तो सुटला तो देवळात. आमच्याकडे कोणत्याही कार्याआधी देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं "होय म्हाराजा" म्हणतात. ते गाऱ्हाणं ऐकून सासरे चप्पल न घालताच टीचरकडे गेले.

"टीचर, इंग्लिश लेक्चर म्हणजे गाऱ्हाणाच."

"कसा काय?"

"पयलो तो आदल्या इद्वानांची नावा घेता. अमक्यान ह्या सांगला, तमक्यान ता सांगला. आमी कशी आदी आजूबाजूच्या सगळ्या देवांका हाक मारतो, तशी. मगे काय बिघाडला ता सांगता. मगे हाऊएव्हर. आणि शेवटाक मागणा, आणखी संशोधन करूक होया."

टीचरनी ते वहीत लिहून घेतलं. त्यांच्याही लक्षात असं कधी आलं नव्हतं. त्या दिवसापासून सासरे मोबाइलसमोर बसत आणि प्राध्यापकाचं वाक्य संपलं की पुटपुटत, "होय म्हाराजा." जिभेला काम मिळालं. वाक्य कुठे संपतं हे धरावं लागत असल्याने कानालाही मिळालं. रोमन रस्ते, मिठाचा व्यापार, झोपेचे प्रकार, सगळ्यांवर त्यांनी होय म्हाराजा म्हटलं, आणि म्हशीला विश्रांती मिळाली. टीचरना आधी हे जरा अवघड वाटत होतं. मग त्या म्हणाल्या, "आमी इगर्जीत आमेन म्हणतो, तसाच समजतंय."

व्याख्यानाच्या दिवशी मी संगणक घेऊन मालवणला गेलो. बायकोने तोवर अक्षताला सगळं सांगून टाकलं होतं, आणि अक्षताचं उत्तर एवढंच होतं, की बघू देत, पण आपल्याकडचा आवाज बंद ठेवा. मी तो बंद ठेवला. दिवेलागणीला आम्ही सगळे पडवीत बसलो. सासरे इस्त्रीच्या सदऱ्यात, शेजारी छत्रीसह टीचर, दारात सासूबाई. पडद्यावर अक्षता दिसली. ती बोलायला लागली. आवाज बारीक येतो म्हणून सासऱ्यांनी माझ्या देखत पुढे वाकून एक बटण दाबलं. ते आवाज वाढवायचं नव्हतं.

तिने आधीच्या विद्वानांची नावं घेतली आणि वाक्य संपवलं. "होय म्हाराजा," सासरे म्हणाले. ते हळूच म्हणाले होते, पण ज्या माणसाने तीस वर्षं बसस्थानकावर गाड्या पुकारल्या त्याचं हळू ते किती हळू असणार. परदेशातल्या त्या सभागृहात छतावरच्या ध्वनिक्षेपकांतून आमच्या पडवीचा आवाज उमटला. माणसं वर बघू लागली. अक्षता थांबली. तिने हातातल्या कागदावर वाक्य संपलं तिथे बोट ठेवलं. मी बटणाकडे झेपावलो, आणि सासऱ्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्यांचे डोळे तेवढे दिसत होते. मी त्यांना तसं कधीच पाहिलं नव्हतं.

मग ती इंग्रजीत म्हणाली, की हे माझे वडील आहेत, आणि आमच्या गावात याचा अर्थ असा असतो की आम्ही ऐकतो आहोत, तू पुढे बोल. सभागृह हसलं. तिने कागद खाली ठेवला, पुढचं वाक्य न बघता म्हटलं आणि वाट पाहत राहिली. इकडे सासरे तोंडावरचा हात काढेनात. शेवटी टीचरनी छत्रीचं टोक त्यांच्या पोटरीला लावलं. "म्हणा," त्या म्हणाल्या. "पोरगी थांबली हा."

शेवटी शेवटी तर मागच्या रांगेतूनही कुणीतरी "होय माराजा" म्हणत होतं. उच्चार सुधारण्यासारखा होता, असं टीचरचं मत पडलं.

तासाभराने तिचा फोन आला. "काय समाजला, बाबा?"

"कुर्ली बीळ खणता, तेतूर पाणी जाता, म्हणान माती जिती ऱ्हवता. तेच्या फुडला नाय समाजला." सासऱ्यांनी फोन स्पीकरवरून काढून कानाशी धरला. "मदी तुझो आवाज बसलो. तिसऱ्या मुद्द्याक. बरा नाय काय गो तुका?"

मग ती बोलायला लागली. काय बोलली ते मला माहीत नाही, कारण त्यांनी फोन कानाशी धरला होता आणि ते उठून माडांकडे गेले होते. सासूबाईंनी दोनदा जेवणाची हाक मारली. ते परत आल्यावर त्यांनी विचारलं, "इतको वेळ तुमचो आवाज नाय. लाइन गेली काय?"

"नाय गो," ते म्हणाले. "ती बोलत होती."

त्यानंतर ती दर रविवारी त्यांनाच फोन करायची. ते बोलायचे थोडंच. ऐकलेलं मात्र ते कुणाला सांगत नसत, आणि ज्या माणसाने म्हशीची गोष्ट साऱ्या तालुक्याला सांगितली होती त्याच्याकडून हे आम्हाला नवीन होतं. बायकोने खोदून विचारलं तर म्हणत, "ता आमचा."

यंदा होळीनंतर ते गेले. हे चार शब्द लिहून मी बरेच दिवस कागद तसाच ठेवला होता. अक्षता आली, दिवस होईपर्यंत राहिली, परत गेली. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी माझा फोन वाजला. तिने थोडं काही सांगितलं, मी ऐकत होतो, मग ती थांबली.

"भावोजी, आसास मा?"

"आहे ना. ऐकतोय."

"नाय. तुमी नुसते गप आसास," ती म्हणाली. "बाबा आयकायचे."

मी वाचनालयातला माणूस. गप्प राहणं हा मी इतकी वर्षं माझा गुण समजत आलो. मी खुर्ची खिडकीजवळ ओढली, हातातलं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि तिला म्हटलं, तिथे आता थंडी कमी झाली का, आणि तू एकटीच जेवतेस का गं. मग ती हळूहळू सांगू लागली.