तेजूचा मावळा

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. मुलाला नाही, जाऊबाईंना नाही. जिच्या बाबतीत घडलं तिला अर्धं माहीत आहे — निदान मला तसं वाटतं. आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं ते दादा, माझे थोरले दीर, ते तर गेलेच. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगते. ओळखीच्या माणसासमोर बसून हे बोलायची हिंमत माझ्यात नाही, हे आधीच मान्य करून टाकते.

मी बी.कॉम. आहे. माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे मिळून कॉलेजात गेलेली पहिली मीच. हे मी कुठेही सांगते, कुणी न विचारताही सांगते. मला त्याचा अभिमान आहे, आजही आहे. पण पुढे जे सांगणार आहे त्यात या अभिमानाचाही वाटा होता, म्हणून तो इथे मांडून ठेवला.

तेव्हा आम्ही आकुर्डीत राहायचो. दोन खोल्यांत दोन भावांचे संसार. दादा चाकणला एका प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या मशीनवर, माझा नवरा एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर, आणि मी चिंचवडच्या एका वर्कशॉपच्या ऑफिसात. दादांची तेजू दुसरीत होती. माझा आदू बालवाडीत.

दिवाळीत पोरं किल्ला करतात, ते काही मी तुम्हाला सांगायला नको. विटा, त्यावर पोतं, त्यावर चिखल, मोहरी पेरली की चार दिवसांत हिरवंगार. आमच्या दाराशेजारीही तसाच व्हायचा. पण आमच्या किल्ल्यावर एक गोष्ट व्हायची जी दुसऱ्या कुणाच्या किल्ल्यावर होत नव्हती. दादा तिला ‘भरती’ म्हणायचे.

पहिल्या आंघोळीला पोरं न्हाणीत असली की किल्ल्यावर प्रत्येकाच्या नावाचा एक नवा मावळा येऊन उभा राहायचा. बाजारातला नव्हे. पाइपाची गळती बुजवायची पुट्टी असते ना, ती मळून दादा स्वतः करायचे. बोटाएवढा मावळा, पण त्याला मिशा असायच्या, पागोट्याची घडी असायची. पायाखाली टाचणीने अक्षर कोरलेलं — तेजूला ‘ते’, आदूला ‘आ’. राजे पहाटे येऊन भरती करून जातात, असं पोरांना सांगितलेलं. पोरं अंगाला उटण्याचा वास घेऊन, टॉवेल गुंडाळून तशीच ओली पळायची. “झाली! माझी भरती झाली!” सगळ्या चाळीला ऐकू जायचं.

मला हे सगळं भाबडं वाटायचं. शिकलेली होते ना.

त्या वर्षी मंदी होती. कंपन्यांनी आधी कॉन्ट्रॅक्टची माणसं कमी केली, त्यात माझा नवरा घरी बसला. एका रविवारी दादा पुट्टी मळत बसले होते, पोरं खाली खेळायला गेलेली. नवरा म्हणाला, “दादा, यंदा मला पण घ्या म्हणावं राजांना.”

“ये की,” दादा म्हणाले. “राजांकडं कॉन्ट्रॅक्टचा धंदाच न्हाई भावा. गडावर सगळे परमनंट!”

आम्ही सगळे हसलो. नवरा सगळ्यात जोरात हसला आणि मग बराच वेळ बाहेर जाऊन उभा राहिला.

यंदा दिवाळी आवरती घेऊ, असं मीच काढलं होतं. दादा म्हणाले, “मोठ्यांची घ्या आवरती. लेकरांची न्हाई.” तेजूने दुकानात एक पिवळा फ्रॉक बघितला होता, झालरीचा. त्यासाठी ती रडली, जेवली नाही, तिच्या आईचा मार खाल्ला. दादांनी फ्रॉक आणला. तेव्हा ते रोज शिफ्ट संपल्यावर ओव्हरटाइमला थांबत होते. दिवाळी अगदी तोंडावर आली असताना त्या ओव्हरटाइममध्येच प्रेस त्यांच्या उजव्या हातावर आला. अंगठा राहिला. बाकीची बोटं गेली.

हॉस्पिटलात मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, कंपनीचं काहीतरी असेल, भरपाईचं. ते म्हणाले, “सुनंदा, कपाटावर बिस्किटाच्या डब्यात हायेत दोघंबी. लेकरं न्हात असताना ठिवून दे. तेजूचा तुतारीवाला हाय. पोरान्ला कळू देऊ नको.” हाताचं एक अक्षर बोलले नाहीत.

इथपर्यंत सगळं सांगता येतं. इथपर्यंत आमच्या घरात सगळे सांगतातही.

पहिल्या आंघोळीच्या दिवशी जाऊबाई हॉस्पिटलात, नवरा त्यांना डबा पोचवायला गेलेला. घरात मी आणि दोन पोरं. त्यांना तेल लावलं, उटणं लावलं, न्हाणीत बसवलं आणि स्टुलावर चढून डबा काढला. हात तेलकट होते. झाकण घट्ट बसलेलं, ते एकदम निघालं आणि एक मावळा फरशीवर पडला. पुट्टी वाळल्यावर दगडासारखी होते, पण मान बारीक असते. मान तुटली, ढाल धरलेला हात तुटला. उचलून पाय बघितला. ‘आ’.

म्हणजे फुटला तो माझ्या पोराचा.

काय काय करता आलं असतं? तुटलेला तसाच ठेवून ‘हा लढाईत जखमी झाला’ म्हणता आलं असतं. आदूला ते आवडलंही असतं. एकच ठेवून ‘यंदा दोघांत मिळून एक’ म्हणता आलं असतं. हे मला नंतर सुचलं, असं म्हटलं तर सोपं जाईल — पण नाही, तिथेच सुचलं होतं. दोन्ही सुचलं होतं. तरी मी सुरी घेतली आणि तुतारीवाल्याच्या पायाखालचं ‘ते’ खरवडून काढलं. तुटलेला मावळा कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकला. तुतारीवाला किल्ल्यावर उभा केला, आदूला हाक मारली आणि म्हणाले, बघ, तुझी भरती झाली.

का? तेव्हा घर माझ्या पगारावर चाललं होतं. घर मी चालवते तर पहिला हक्क माझ्या पोराचा — असं मनात आलं. अगदी या शब्दांत आलं. माझ्या मुलाचं पडलेलं तोंड मला बघवलं नसतं. तिचं बघवलं.

तेजू मागून आली. नवा फ्रॉक घातलेला, केस ओले. किल्ल्याभोवती फिरली, मोहरी बाजूला सारून बघितली, गुहेत बोट घालून बघितलं. “काकू, माझा कुठंय?”

मी म्हणाले, “हट्ट करणाऱ्या मुलांची भरती होत नाही.”

एवढ्यावर थांबता आलं असतं ना? नाही थांबले. म्हणाले, “तू फ्रॉकसाठी हट्ट केलास, म्हणून बाबा ओव्हरटाइमला थांबले. राजांना सगळं कळतं.”

आता ते सांगते ज्यासाठी एवढ्या लांबून सुरुवात केली. दादा फ्रॉकसाठी ओव्हरटाइमला थांबले नव्हते. त्यांना थांबायला मी सांगितलं होतं. नवरा घरी बसल्यावर एकदा जेवताना मी म्हणाले होते, “दादा, एकट्या माझ्या जिवावर काय काय ओढायचं? तुम्ही जादा शिफ्ट मागून बघा.” ते बरं म्हणाले आणि ताटावरून उठले. दुसऱ्या दिवसापासून थांबायला लागले. अपघात झाल्यापासून हे वाक्य माझ्या डोक्यात होतं. ते मी उचललं आणि त्या पोरीच्या अंगावर टाकलं. सात वर्षांची होती.

ती रडली नाही. आत गेली, फ्रॉक काढला, घडी घालून पिशवीत ठेवला आणि शाळेचा युनिफॉर्म घालून बाहेर आली. दिवाळीच्या दिवशी. करंजी दिली, ती खाल्ली तिने.

दुपारी तिला घेऊन हॉस्पिटलात गेले. आदूला नवऱ्यापाशी ठेवलं होतं. जाऊबाई म्हणाल्या, “अगं बया, आज शाळा हाय का तुझी?” मी म्हणाले, “तीच फ्रॉक नको म्हणतेय.” दादांनी डाव्या हाताने तिला जवळ ओढलं. “झाली का भरती?”

मला वाटलं, संपलं. आता ही सांगणार.

“झाली बाबा,” तेजू म्हणाली. “तुतारीवाला आहे. लई भारी आहे.”

तिने आदूच्या हातातला बघितला होता, त्याचंच वर्णन केलं. तो मुळात तिच्यासाठीच केलेला आहे हे तिला काय ठाऊक? बापाला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलली. दादांना वाटलं, सगळं ठरल्यासारखं झालं. ते माझ्याकडे बघून हसले, कामगिरी फत्ते केल्यासारखे. मीही हसले.

दादा घरी आले तेव्हा तुतारीवाला आदूच्या हातात होता. मी सांगितलं, आदूचा खेळताना फुटला म्हणून तेजूने आपला दिला. दादा चारचौघांत सांगायचे, “माझी तेजू मनानं लई मोठी. स्वतःचा मावळा दिला भावाला.” ती खाली मान घालून ऐकायची. तिच्याकडे नसलेली वस्तू तिने दिली होती, आणि त्याबद्दलचं कौतुक तिने वर्षानुवर्षं ऐकलं. पुन्हा मावळे झाले नाहीत. दादांना त्या हाताने काही वळता येत नव्हतं. तेजूने मोठी होईपर्यंत कशाचाच हट्ट केला नाही. चांगली मुलगी, समजूतदार मुलगी, सगळे म्हणायचे. मी पण म्हणायचे.

सांगायच्या संधी आल्या का? आल्या की. तिच्या लग्नात आली, दादा आजारी होते तेव्हा आली, ते गेले त्या दिवशीसुद्धा आली. प्रत्येक वेळी मी दुसरंच बोलले.

तेजू आता रावेतला राहते. तिची मुलगी चार वर्षांची आहे. या दिवाळीत फराळाला बोलावलं म्हणून गेले. खाली पार्किंगच्या कोपऱ्यात मायलेकींनी किल्ला केला होता. पोरगी फुलबाज्यांसाठी हटून बसली होती, तिचे पप्पा गमतीत म्हणाले, “हट्ट केलास ना पिल्लू, तर किल्ल्यावर राजे यायचे नाहीत हं.”

तेजूचा चढलेला आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. “हे तिला बोलायचं नाही!” ती म्हणाली. “काहीही बोला, हे बोलायचं नाही. कधीच नाही.” जावई गोंधळले. “अगं, चेष्टा केली.” “चेष्टेतसुद्धा नाही.”

मग तिने मुलीच्या हातात फुलबाज्यांची पेटी दिली, सगळीच्या सगळी. हात धुतले आणि माझ्यासमोर येऊन बसली. माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या ताटलीत आणखी एक चकली वाढली आणि म्हणाली, “घ्या ना काकू. तुम्ही काहीच खाल्लं नाही.”

मी घेतली. खाल्ली. चकली छान झाली आहे, म्हणाले.