सोफ्यावरच्या राजकन्येची सोयरीक

दुबईत देऱ्यातल्या आमच्या घरी हॉलमध्ये सोफ्याच्या वर एक इंग्रजी चित्र होतं. बाबांचे गोरे साहेब कायमचे मायदेशी निघाले तेव्हा त्यांच्याकडून आम्ही सोफा घेतला, त्यावर हे फुकट आलं. दोनशे वर्षांपूर्वीचं छापील चित्र: खुर्चीवर राजकन्या आणि तिच्यापुढे गुडघा टेकलेला राजपुत्र. आई ते येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवायची. किती प्रेमानं बघतोय, म्हणायची. प्रेम कसलं डोंबलाचं! माणसांच्या तोंडातून निघालेल्या फुग्यांमधली बारीक अक्षरं मी वाचली होती. राजपुत्राची नजर खिडकीबाहेरच्या गलबतांवर होती, आणि पडद्यामागे दोन्हीकडचे मंत्री नकाशावर बोटं फिरवत होते. कुणा चित्रकारानं राजघराण्याची चक्क टिंगल केली होती.

त्या वर्षी बाबा साठीला आले, म्हणजे नोकरी खलास आणि व्हिसाही. मी त्यांच्याच व्हिसावर होते. नोकरीसाठी जिथे गेले तिथून नुसतं 'इन्शाल्ला', म्हणजे 'बघू, देवाची इच्छा', एवढंच घेऊन परतले. पुण्याला मी फक्त सुट्टीत जायचे. तिथे कायमचं राहायला मला जायचं नव्हतं. मग इथल्याच अल ऐन शहरातल्या मुलाचं स्थळ आलं. पक्की नोकरी, बायकोला व्हिसा मिळेल एवढा पगार.

मुलगा आईवडिलांना घेऊन आला. त्याचे वडील चित्र बघून म्हणाले, "वा, काय रोमँटिक आहे!"

माझं डोकं फिरलं. मी उठले आणि चित्रातल्या एकेकावर बोट ठेवून सांगून टाकलं, इथे कोण काय देतंय आणि कोण काय घेतंय. आई पांढरीफटक पडली. मला वाटलं, मोडलं आता.

सगळे खो खो हसले. "मुलगी हुशार आहे हं तुमची," त्याची आई म्हणाली. बाबा लगेच विचारू लागले, "मग व्हिसाचे पेपर्स कधी घालायचे? माझा मार्चपर्यंतच आहे."

मुलगा मात्र हसला नव्हता. चित्राशी येऊन त्यानं हळूच विचारलं, "तुला इथून जायचं नाहीये, म्हणून यस म्हणतेयस ना? खरं सांग."

"हो," मी म्हणाले.

तो वळून म्हणाला, "काका, माझ्याकडून यस आहे."

पुढे माझं ते उत्तर बदललं: आता मी व्हिसासाठी नाही, त्याच्यासाठी इथे आहे. त्याला मी कितीदा सांगितलं, रडूनसुद्धा सांगितलं. तो हसून मान डोलावतो, आणि दर खेपेला मुदतीच्या आधीच माझा व्हिसा रिन्यू करून आणतो.