वारा शांत

गल्लीतली पोरं त्यांना ढगमावशी म्हणत, आणि त्यांना दुसरं काही नाव आहे हे आता मोठ्यांनाही आठवत नसे. नदीकाठच्या टेकाडावर हवामान खात्याची दोन खोल्यांची वेधशाळा होती. सत्तावीस वर्षं तिथल्या गच्चीवर चढून त्या आकाश बघत होत्या. लग्न ठरताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "ढग बघायची नोकरी? मग दिवसभर आभाळाकडे बघत पडणाऱ्या आमच्या चिरंजीवांना एव्हाना साहेब करायला हवं होतं!" ढगमावशी तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं हसल्या होत्या. थट्टा त्यांना चालायची, फक्त नोंदवहीत चालायची नाही.

त्यांचा धाकटा भाऊ खालच्या धक्क्यावरून माणसं पलीकडे नेणारी लाँच चालवायचा. रोज सकाळी सहाला त्याचा फोन यायचा, "ताई, वारा?" त्या सांगायच्या: मंद, जोराचा, पश्चिमेचा. लाँचवाल्याला धास्ती लाटांची, आणि लाटा वाऱ्यामुळे. त्याला तेवढंच पुरे. वारा अजिबात नसला की नोंदवहीत 'शांत' लिहितात. भावाच्या लेखी त्याहून गोड शब्द नव्हता.

त्या आठवड्यात ढगमावशींना मात्र तो शब्द लिहिताना अंगावर काटा यायचा. दूर पश्चिमेकडून आलेला कमी दाबाचा पट्टा दोन दिवस पाऊस पाडून पुढे सरकला होता, आणि त्याच्या पाठोपाठ जास्त दाबाची हवा येऊन अर्ध्या देशावर ठाण मांडून बसली होती. अशी हवा वरून खाली दबत राहते. ढग विरतात, वारा पडतो. उघड्या आभाळाखाली जमीन रात्रभर आपली ऊब घालवते, आणि ओल्या मातीतून उठलेली वाफ वर जाऊ म्हणते तर वर ऊबदार हवेचं झाकण. मग ती खालीच साचून तिचं धुकं होतं. लोक म्हणत होते, काय छान हवा पडलीय! लोकांचं काय जातंय म्हणायला? पहिल्या दिवशी टेकाडामागच्या शेतांतलं धुकं सातला विरलं, दुसऱ्या दिवशी साडेआठला, तिसऱ्या दिवशी दहाला. नदीवर ते अजून उतरलं नव्हतं, म्हणून भाऊ निर्धास्त होता. दाब तर चढतच होता.

चौथ्या दिवशी सहाला गच्चीवरून पाण्याची टाकी, गिरणीची चिमणी, पलीकडचा धक्का, सगळं लख्ख दिसत होतं. पण कोरड्या तापमापकाचा पारा आणि ओलं फडकं गुंडाळलेल्याचा पारा, दोन्ही एकाच आकड्यावर होते. हवेत आता आणखी वाफ मावणार नव्हती. आज त्याला सांगायचंच, दहापर्यंत लाँच सोडू नकोस, असं ठरवून त्या जिना उतरल्या. फोन वाजला.

"ताई, वारा?"

"शांत."

"झकास! सोडतो मग."

जीभ सवयीनं चालली, आणि पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. त्यांनी पुन्हा फोन लावला, पुन्हा लावला. इंजिनाच्या धडधडाटात तो कुठला ऐकतोय! खिडकीतून बघतात तो चिमणी गायब. मग टाकी गायब.

गुडघ्यांची पर्वा न करता त्या उतारानं धावत सुटल्या. धक्क्यावर पोचल्या तेव्हा तिसऱ्या पायरीपुढे नदी नव्हतीच, नुसता पांढरा काळोख होता.

"आत्ताच गेली," तिकीटवाला म्हणाला. "चाळीस माणसं आहेत."

ढगमावशींनी धक्क्यावरच्या घंटेचा दोर धरला आणि बडवायला सुरुवात केली. बऱ्याच वेळानं लाँचची धडधड ऐकू आली. ती वळली होती, घंटेच्या रोखानं येत होती. त्यांना रडू फुटलं. तेवढ्यात डावीकडून जाड भोंगा वाजला.

"वाळूची बोट," तिकीटवाल्याचा चेहरा उतरला. "तीही घंटेवरच येतेय. आणि मागे लांब दोरावर दुसरी बांधलेली असते."

त्यांनी दोर सोडून दिला. घंटा थांबली तशी लाँचची धडधडही मंदावली, मग बंद झाली. शहाणा माझा भाऊ, थांबला! पांढऱ्यातून काहीतरी अवजड पुढून सरकत गेलं, आणि पाणी पायऱ्यांवर चढून त्यांच्या चपला भिजवून गेलं. पहिली बोट गेली. दुसरी अजून यायची होती.

धुक्यात आत कुठूनतरी भावाचा आवाज आला, "अरे, घंटा का थांबवली?"

ढगमावशींनी बेंबीच्या देठापासून ओरडून सांगितलं, "थांब! हलू नकोस! तिथंच थांब!"

धुक्यात आणि पाण्यावर शब्द विरून गेले. लाँचपर्यंत पोचला तो नुसता ओळखीचा आवाज.

"आलो गं ताई!" भाऊ ओरडला, आणि लाँचचं इंजिन सुरू झालं.