अवमानाच्या नोटिशीचे दिवस

कोर्टाची बातमीदारी करणाऱ्याकडं किस्से फार साठतात. छापता येतं थोडंच, बाकीचं चहावर सांगायचं! पण माझ्याच नावानं कोर्टाच्या अवमानाची नोटीस आली, तेव्हा चहाला माणूसच मिळेना. मग ते किस्से तसेच राहिले.

*

सांगलीच्या कोर्टात जतकडचा एक मेंढरं राखणारा म्हातारा साक्षीला यायचा. साक्ष व्हायची नाही, नवी तारीख पडायची. मी तेवढंच लिहिलं. डेस्कवर कुणीतरी मथळा ठोकला, 'न्यायाधीशांना फुरसत नाही!'

प्रकरण थेट हायकोर्टात. नोटीस संपादकांना आणि मला. त्यांनी लगेच माफी लिहून दिली आणि मला म्हणाले, "बातमीवर नाव तुझं आहे."

"आणि मथळा?"

"मथळ्यावर कुणाचं नाव असतं का रे?"

*

कोर्टात पत्रकारांना एकच बाक. एरवी टेकायला जागा नसायची. नोटिशीनंतर मी बसलो की बाकीच्यांना एकाएकी उभं राहायला आवडू लागलं! जुने दोस्त मोबाईलमध्ये मान घालून जायचे.

शिपाई म्हणाला, "सायेब, लय ऐसपैस झालंय की तुमचं!"

*

वकील मित्र सुरेशनं समजावलं, "निकालावर टीका चालते. न्यायाधीशाला टोमणा मारला की अवमान. बातमी खरी आहे, ती सोडू नकोस. माफी मथळ्यापुरती माग. पण ती मनापासून वाटली पाहिजे, नाहीतर जेल!"

हे मी कोरेगावच्या थोरल्या आक्काला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आरं द्येवा! मनापासनं? मग गेलास तू आत!"

*

आत गेलो नाही. हायकोर्टानं मथळ्याबद्दलची माफी मान्य केली, बातमीला कुणी हात लावला नाही. आमच्या पेपरनं ते आतल्या पानात कोपऱ्यात छापलं. माझं नाव सोडून!

*

पण खरा किस्सा हायकोर्टातल्या हजेरीच्या आदल्या दिवशीचा. माधवनगरच्या घरी मी एकटाच असतो. बायको रुसून पाटणला माहेरी गेली, ती तिथंच राहिली. दुपारी आरशासमोर उभा राहून तालीम करत होतो. आवाज चढत गेला. "माझी चूक झाली. मनापासून माफी मागतो. पुन्हा असं होणार नाही!"

दार वाजलं. शेजारचे माने काका, मिलिटरीतनं रिटायर झालेले. हातात शिऱ्याच्या दोन वाट्या.

"ऐकलं आमी भिंतीपल्याडनं. लय बेस केलंसा, माफी मागितलीसा! काकीनं लगीच शिरा केला." मग आत डोकावत हळूच, "कवा आल्या वयनी?"

मी दोन्ही वाट्या घेतल्या.

"सकाळच्या एसटीनं," म्हणालो. "दमल्यात. झोपल्यात जरा."